वीतभर कृपा

सकाळपासून मैदानात गाड्यांची रांग लागली होती. टॅक्स्या, टेम्पो, घरच्या गाड्या, एक पिठाच्या गिरणीची व्हॅन आणि कुणीतरी हौसेनं ढकलत आणलेली मोटारसायकलसुद्धा. रांगेतला प्रत्येक जण मागच्याला सांगत होता की पुढच्याचं कसं कल्याण झालं. मैदानाच्या टोकाला जुन्या गोदामाच्या भिंतीला टेकून एक तंबू ठोकला होता. तंबूबाहेर टायरांची उतरंड, तिच्यावर गादी, आणि गादीवर चाकबाबा.

अंगात राखाडी कफनी. गळ्यात नटांची माळ. नाटकातले नट नव्हेत, चाकाला लागतात ते. हातात लांब पाना. तो पाना समोरच्या रिमवर टण्‌ टण्‌ आपटून बाबा गर्जत होते,

"पृथ्वी कशी?"

"गोल!" लोक ओरडायचे.

"सूर्य कसा?"

"गोल!"

"नाणं कसं?"

"गोल!" हे जरा जास्तच जोरात.

"मग माणसाचं अडतं कुठं? चाकात! तुमच्या चाकात तुमच्या मागच्या प्रवासांचं पाप साचलंय, बाळांनो. खड्डा चुकवताना दिलेल्या शिव्या, सिग्नल तोडताना बोललेलं खोटं, सगळं त्या रबरात मुरलंय. जड झालेलं चाक पेट्रोल पिणार नाही तर काय करणार?"

मी यांच्या शेजारी गाडीत बसले होते. 'हे' म्हणजे माझा नवरा. वह्या-पेनांचं दुकान चालवतो, गावातल्या अँब्युलन्स समितीचा सचिव आहे आणि स्वभावानं इतका सरळ, की रस्त्यात कुणी वेळ विचारली तर घड्याळच काढून हातात देईल. मी ड्रायव्हिंग स्कूल चालवते. दिवसभर शेजारी बसून लोकांना क्लच सोडायला शिकवायचं, त्यामुळे माझा चमत्कारांवर फारसा विश्वास उरलेला नाही. लोक क्लच कसा सोडतात हे पाहिल्यावर, त्यातले बहुतेक जण जिवंत घरी पोचतात एवढा एकच चमत्कार मी मानते.

"अहो," मी म्हटलं, "आपले टायर जवळजवळ नवे आहेत. त्यांनी काय पाप केलं?"

"तू गप्प बस. त्या टॅक्सीवाल्याला विचार."

टॅक्सीवाला रांगेच्या कडेनं फिरून सगळ्यांना सांगतच होता. "लिटरला पंधरा द्यायची माझी गाडी. दीक्षा घेतली, आता सतरा देते! कागदावर हिशेब मांडून पाहिलाय. शिवाय उचल कशी घेते! सिग्नलला नुसता पाय टेकवला की निघाली!"

पंधराचे सतरा. हे दोन शब्द मैदानभर भणभणत होते.

आमची पाळी आली. गाडी तंबूत गेली, पडदे पडले, आतून ढोल सुरू झाला. ढोलाखाली मला यंत्राचा घरघराट ऐकू आला, पण पट्टशिष्यानं सांगितलं की तो बाबांचा मंत्र. मंत्राला कॉम्प्रेसर लागतो हे मला ठाऊक नव्हतं. बऱ्याच वेळानं गाडी बाहेर आली. चारही टायरांच्या बाजूंवर जाडजूड सोनेरी रंगाचा पट्टा फासला होता, आणि त्यात काळ्या रंगानं वेलबुट्टी.

"दीक्षेची चाकं," बाबा म्हणाले. "जुनी चाकं आम्ही विसर्जित करू. पापाला घरी नेऊ नका. आणि या पट्ट्याला कुणी नख लावायचं नाही. खरवडला की कृपा उडाली! मेकॅनिकला तर चाकाजवळ फिरकूसुद्धा देऊ नका. तो नास्तिक असतो."

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. आयुष्यभर शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. अजूनही वर्तमानपत्रातली टक्केवारी चुकली की पेन्सिलीनं दुरुस्त करून ठेवतात. त्यांनी गाडीकडे पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"काय रे, गाडी खाली बसलीय का?"

"नम्र झालीय, आई. बाबा म्हणाले, दीक्षेनंतर गाडी जमिनीशी नम्र होते."

सासूबाईंनी चाक आणि वरचा पत्रा यांच्यामधल्या फटीत हात घातला. "आणि ही फट? पूर्वी इथं माझी बोटं जेमतेम जायची. आता अख्खी मूठ जातेय."

"चाकाला श्वास घ्यायला जागा झाली."

"बरं झालं. इतके दिवस गुदमरत होतं बिचारं," सासूबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे न बघता आत गेल्या. बघितलं असतं तर दोघींनाही हसू आवरलं नसतं.

पण चमत्कार झाला, हे मला कबूल करणं भाग होतं. यांनी टाकी भरली, गाडी चालवली, पुन्हा टाकी भरली, मीटरवरचे किलोमीटर पेट्रोलनं भागले आणि स्वयंपाकघरात येऊन माझ्यासमोर आकडा धरला. सतरा! आमची गाडी कधीच पंधराच्या वर गेली नव्हती. शिवाय गाडी खरंच चटकन उचल घ्यायची. हे इतके खूश होते की मला थट्टा करवेना. दुकानात गिऱ्हाईक कमी झालं होतं, दाढी करताना शीळ घालणं बंद झालं होतं, ते पुन्हा सुरू झालं.

गतिरोधकावर गाडीचं पोट घासायला लागलं. "भूमीला वंदन करतेय," हे म्हणाले. मी म्हटलं, "सायलेन्सरही वंदन करत करत तिथंच राहील एक दिवस."

मग आम्ही तिघं नणंदेकडे गेलो. तिचं गाव किती लांब, हे आमच्या घरात मुलांच्या पाढ्यासारखं पाठ आहे. आमच्या फाटकापासून तिच्या फाटकापर्यंत अठ्ठ्याऐंशी किलोमीटर. गाडी तिच्या दारात थांबली तेव्हा यांनी मीटरकडे बोट दाखवलं आणि यांचा आवाज भरून आला.

"आई, बघ. शंभर! बरोब्बर शंभर!"

सासूबाई मागच्या सीटवरून वाकून बघत म्हणाल्या, "अरे, पण ताईनं घर हलवलं का?"

"म्हणजे?"

"नाही म्हणजे, परवापर्यंत अठ्ठ्याऐंशीवर राहायची. तिला विचारून तरी बघ, आणखी लांब जायचा विचार आहे का."

"तुला प्रत्येक गोष्टीत गणितच दिसतं," हे चिडून म्हणाले आणि सामान घेऊन आत गेले.

येताना नणंदेनं डिकी भरून सामान दिलं, शिवाय तिच्या दोन मुली आजीकडे राहायला आल्या. गाडी भरगच्च. वाटेत एका साध्या खड्ड्यात डाव्या बाजूचं पुढचं चाक दणकन आदळलं. घरी पोचल्यावर मी पाहिलं, तर टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा आला होता. माणसाच्या गालावर गळू यावं तसा. टायरच्या आतले धागे तुटल्याशिवाय असा फुगा येत नाही. तो वेगात फुटला असता, तर मागच्या सीटवर आजीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेल्या त्या दोघी पोरींचं काय झालं असतं, हे मी मनात पुरतं येऊही दिलं नाही.

हे तडक मैदानात गेले आणि तसेच हसत परत आले.

"बाबा म्हणाले, चाकात कृपा मावत नाहीये."

"मग थोडी सोडून द्या म्हणावं," मी म्हटलं, पण या वेळी माझ्या आवाजात थट्टा नव्हती. "अहो, फुटेल तो टायर. मी हात जोडते, बदला."

त्यांनी बदलला. म्हणजे बाबांकडूनच दुसरं सोनेरी चाक आणलं. आणि जेवताना, सहज बोलावं तसं, म्हणाले, "आज समितीत ठरलं. रविवारी अँब्युलन्सला दीक्षा द्यायची. पंधराचे सतरा झाले तर तेवढ्याच पेट्रोलमध्ये किती रोगी जास्त नेता येतील, विचार कर. स्टेपनी आधीच बाबांकडे पाठवलीय सजवायला."

मी हातातलं भांडं खाली ठेवलं. आसपासच्या सगळ्या वाड्यावस्त्यांना मिळून ती एकच अँब्युलन्स. तिच्यात रोगी, नर्स, प्राणवायूची सिलिंडरं आणि उतरा म्हटलं तरी न उतरणारे चार नातेवाईक. लिंबाएवढा फुगा तिच्या चाकाला आला, तर लिंबाएवढ्यावर भागणार नव्हतं.

हे दुकानात गेल्यावर सासूबाई स्वयंपाकघरात स्टूल ओढून बसल्या. "सूनबाई, मला एक सांग. गाडी किती चालली, हे मीटरला कसं कळतं गं? त्याला रस्ता तर दिसत नाही."

मी सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग त्यांचे डोळे बारीक झाले, ओठ हलले. वर्गातल्या मागच्या बाकावरच्या कॉपीबहाद्दराला पकडण्याआधी त्या अशाच दिसत असणार. त्या पुढे झुकल्या आणि रविवारी काय करायचं ते मला कानात सांगितलं. मी इतकी हसले की स्टुलावरून पडायचीच राहिले.

रविवारी मैदान फुलून गेलं होतं. मधोमध पांढरी अँब्युलन्स, शेजारी हिरमुसल्या चेहऱ्यानं उभे असलेले अँब्युलन्सवाले काका. काकांना हे मनातून पटलं नव्हतं, पण समितीपुढे त्यांचं काही चाललं नव्हतं. बाबा गादीवरून गर्जत होते, "पृथ्वी कशी?"

लोक 'गोल' म्हणाले आणि लगेच सासूबाई हात जोडून पुढे झाल्या.

"बाबा, मी सचिवांची आई. आमच्या घरात तुमची फार कृपा झाली. पण माझ्या सुनेला पटत नाही हो. तिची ड्रायव्हिंग स्कूलची गाडी अगदी माझ्या मुलाच्या गाडीसारखीच आहे, एकाच शोरूममधली, फक्त दीक्षा न घेतलेली. दोघांना बायपासनं नाक्यापर्यंत पाठवू, परत आणू. दीक्षेच्या गाडीचा प्रताप सगळ्या गावाला दिसू दे. तिचं नाक तरी कापलं जाईल!"

बाबांना अशी भक्तीण कधी भेटली नव्हती. "होऊन जाऊ दे!" त्यांनी पाना आपटला.

दोन्ही गाड्यांच्या मीटरवरचे फेरीचे आकडे सगळ्यांसमोर शून्यावर आणले. यांच्या शेजारी साक्षीला पट्टशिष्य बसला, माझ्या शेजारी टॅक्सीवाला. हे पुढे, मी त्यांच्या मागे. नाक्यावरच्या मैलाच्या दगडाला वळसा घालून आम्ही परत आलो. वाटेत टॅक्सीवाला माझ्या काट्याकडे बघून म्हणाला, "ताई, तुम्ही सत्तरनं चाललाय. पट्टशिष्यानं फोनवर सांगितलं, सचिवसाहेब ऐंशीनं चाललेत."

"मग ते पुढे निघून का जात नाहीत?"

टॅक्सीवाल्यानं पुढच्या गाडीकडे पाहिलं. ती आमच्यापासून जेवढी होती तेवढीच दूर होती. त्यानं पुन्हा माझा काटा पाहिला, आणि पुन्हा पुढची गाडी.

सासूबाईंनी दोन्ही गाड्यांत डोकावून आकडे मोठ्यानं वाचले. "सून, बावीस! मुलगा, पंचवीस!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबा उठून उभे राहिले. "पाहिलंत? कृपेनं वाट वाढते!"

"अय्या, म्हणजे," सासूबाई गालाला हात लावून म्हणाल्या, "तेवढंच जाऊन तेवढंच परत यायला माझ्या मुलाला तीन किलोमीटर जास्त हिंडवलंत? हा आशीर्वाद म्हणायचा की शिक्षा?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"आणि बाबा, नाक्यावरच्या दगडावर आपल्या गावापुढे अकरा लिहिलंय. अकरा जाऊन, अकरा येऊन बावीस होतात. मी इतकी वर्षं हेच शिकवत आले. दगड खोटा, मी खोटी, की कृपा खोटी?"

"दगडाला काय कळतं अध्यात्म!" बाबा म्हणाले.

"बरोबर. म्हणून आपण चाकालाच विचारू."

त्यांनी पर्समधून खडू काढला. गोदामासमोर सपाट सिमेंटची फरशी होती. दोन्ही गाड्या आम्ही तिथं शेजारी शेजारी उभ्या केल्या. सासूबाईंनी जमिनीवर एक आडवी रेघ मारली आणि दोन्ही गाड्यांच्या पुढच्या टायरांना, जिथं ते रेघेला टेकले होते तिथं, खडूची खूण केली.

"आता ढकला. खूण वर जाईल, फिरून पुन्हा जमिनीला लागेल. लागली की थांबा. चाकाची एक फेरी, बस. मंत्र नको, ढोल नको."

माझी गाडी लोकांनी ढकलली, खूण फिरून खाली आली, तिथं रेघ. मग यांची गाडी. तीही फिरली, थांबली, तिथं रेघ. यांची रेघ माझ्या रेघेच्या अलीकडेच राहिली. सासूबाई गुडघ्यावर बसल्या, बोटं ताणली आणि दोन रेघांच्या मधे हात ठेवला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत बरोबर मावला.

"एक वीत," त्या म्हणाल्या. "दीक्षेचं चाक प्रत्येक फेरीला वीतभर कमी जातं. बाळांनो, चाक लहान आहे."

मी पुढे झाले, कारण पुढचं काम माझं होतं.

"मीटर रस्ता मोजत नाही, चाकाच्या फेऱ्या मोजतो," मी म्हटलं. "कारखान्यानं त्याला सांगून ठेवलंय की एका फेरीत गाडी अमुक इतकी पुढे जाते. तुम्ही चाक लहान केलंत, हे त्याला कोण सांगणार? लहान चाकाला तेवढ्याच रस्त्याला जास्त फेऱ्या लागतात. मीटर बिचारा प्रामाणिकपणे फेऱ्या मोजतो आणि जास्त किलोमीटर दाखवतो. ते फुगवलेले किलोमीटर तुम्ही खऱ्या पेट्रोलनं भागता. झाले पंधराचे सतरा! काटा ऐंशी दाखवतो तेव्हा गाडी सत्तरनं चाललेली असते. आणि चाक लहान, म्हणून सुरुवातीला उचल चटकन वाटते, जशी लहान मुलाची सायकल चटकन निघते. पण लांब पल्ल्याला दमतं कोण, तर तेच पोर!"

टॅक्सीवाला कपाळाला हात लावून उभा होता. "टाकी तर पूर्वीइतक्याच खेपांत रिकामी होत होती," तो म्हणाला. "मला दिसत होतं ते. पण सगळे सतरा सतरा म्हणत होते. म्हटलं, माझंच काहीतरी चुकत असेल."

मी रंग पुसायला आणलेली चिंधी थिनरमध्ये बुडवली आणि यांच्या गाडीच्या चाकाशी बसले.

"खरवडू नका!" बाबा ओरडले. "कृपा उडेल! कुळाचा नाश होईल!"

हे गाडीपाशीच उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, जमिनीवरच्या दोन रेघांकडे पाहिलं, आणि एक पाऊल बाजूला सरकले. मी पट्टा पुसला. सोनेरी रंगाखालून आकडे वर आले.

"माझ्या टायरवर आहे एकशे पंच्याऐंशी, पासष्ट, पंधरा. यावर आहे एकशे पासष्ट, पन्नास, पंधरा. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा बाजूच्या भिंतीची उंची. रुंदीच्या शंभरातले किती भाग, ते. तिसरा, आतल्या रिमचं माप, इंचांत. तिसरा दोन्हीकडे सारखाच, म्हणून हा टायर आपल्या रिमवर गुमान बसला. बसला म्हणजे लागू झाला, असं नाही. थोरल्या भावाच्या सदऱ्यात धाकटा मावतो, म्हणून तो सदरा त्याचा होत नाही. भिंत बुटकी आणि पातळ, म्हणून एका खड्ड्यात फुगा आला. आणि हा शेवटचा आकडा बघा. माझ्याकडे अठ्ठ्याऐंशी, म्हणजे एक टायर पाचशे साठ किलो पेलतो. याच्यावर त्र्याहत्तर. हा पेलतो तीनशे पासष्ट. सोनेरी पट्टा नेमका या आकड्यांवरच का फासला, ते आता तुम्हीच सांगा."

कुणी काही सांगण्याआधी अँब्युलन्सवाल्या काकांचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"टेकडीमागच्या वस्तीवर एका आजींना श्वास घेता येत नाहीये. निघायला हवं." आणि मग त्यांना आठवलं. आम्हा सगळ्यांनाच आठवलं. अँब्युलन्स जॅकवर होती. आम्ही बायपासवर असताना शिष्यांनी तिचं पुढचं चाक काढून ठेवलं होतं, आणि सोनेरी स्टेपनी शेजारी टेकवून ठेवली होती.

पट्टशिष्य सवयीनं स्टेपनी उचलायला धावला. "हे बसवतो, तयारच आहे!"

मी तिच्यावरही चिंधी फिरवली. वजनाचा आकडा अँब्युलन्सच्या मूळ टायरवरच्या आकड्याच्या जवळपासही नव्हता.

"सचिवसाहेब," काका म्हणाले, "कुठलं बसवायचं? समितीचा ठराव सोनेरीचा आहे."

सगळं मैदान यांच्याकडे बघत होतं. बाबा गादीवरून शांतपणे म्हणाले, "बाळा, श्रद्धा डळमळू देऊ नकोस. रोग्याचा प्राण कृपेवर आहे."

मग या माणसानं, ज्यानं आयुष्यात कुणाला मोठ्या आवाजात उत्तर दिलं नव्हतं, बाह्या सरसावल्या, जुनं चाक उभं केलं आणि स्वतः ढकलत अँब्युलन्सपाशी नेलं.

"ठराव गेला उडत," हे म्हणाले. "काका, नट द्या."

मी चाक धरलं, यांनी नट लावले. नेमका पाना सापडेना. सासूबाईंनी सरळ जाऊन बाबांच्या हातातला ओढून आणला. मी समोरासमोरचे नट आलटून पालटून आवळून घेतले. गाडी खाली आली, काका बसले, आणि मैदानातल्या त्या लांबलचक रांगेनं दोन्ही बाजूंना सरकून वाट करून दिली.

सायरन लांब गेला. मग गिरणीवाल्यानं विचारलं, "पण मग आमचे जुने टायर कुठं विसर्जित केले यांनी?"

गोदामाच्या मागे एक टेम्पो उभा होता. आत आमचे सगळ्यांचे टायर धुऊन, पुसून, काळं पॉलिश लावून, विक्रीला निघायच्या तयारीत. पापं इतकी चकाकलेली मी आजवर पाहिली नव्हती.

पुढचा तासभर जी धमाल झाली ती काय सांगू! अख्खं गाव टायर वाचायला शिकलं. "अरे, एकशे पंच्याऐंशी, पासष्ट कुणाचा?" "माझा, माझा!" "तुझा कसला, तुझ्या गाडीला चौदाची रिम!" "ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर बघ, त्यावर माप लिहिलेलं असतं!" बाबांनी एकदा "चाकं काय घेऊन बसलात, आतला भाव महत्त्वाचा" असं म्हणून पाहिलं, पण आता 'गोल' म्हणायला कुणी नव्हतं. रांगेत स्वतःची गाडी घेऊन आलेला हवालदार आपल्या सोनेरी चाकांकडे बघत बराच वेळ दात खात उभा होता. त्यानं बाबांना आणि पट्टशिष्याला त्याच गाडीत घातलं आणि चौकीवर नेलं. मीटरच्या हिशेबानं बाबांचा तो प्रवास जरा जास्तच लांबला असेल.

संध्याकाळी अँब्युलन्सवाले काका घरी आले. आजींना वेळेवर प्राणवायू मिळाला होता, आता त्या नर्सशी भांडत होत्या, म्हणजे बऱ्या होत्या. "टेकडीच्या उतारावर समोर अचानक ट्रक आला," काका म्हणाले. "गाडीत सहा माणसं, दोन सिलिंडरं. जोरात ब्रेक मारला. धरलं चाकानं. ते सोनेरी असतं तर..." सासूबाईंनी त्यांच्यापुढे चहाचा कप सरकवला.

काका गेल्यावर हे कप हातात धरून बसले होते. मी चिडवायला तोंड उघडलं आणि त्यांचा चेहरा पाहून मिटलं.

"मला खरंच वाटलं होतं गं," ते म्हणाले. "दुकान कमी होत चाललंय, सगळंच कमी होत चाललंय. म्हटलं, एक गोष्ट तरी आपोआप वाढतेय."

सासूबाई उठल्या, त्यांच्या केसांतून हात फिरवला. "आपोआप काही वाढत नाही रे. पण तू आज ते चाक ढकललंस ना, मला पुरे आहे."

हे मी का लिहिते आहे? चाकबाबा चौकीवर गेले. पण चमत्कार विकणारे सगळेच काही चाकं विकत नाहीत. कुणी औषध विकेल, कुणी पाणी, कुणी अंगठी. त्यांना ओळखायला फार मोठी विद्या लागत नाही. एकच बघा: तो तुम्हाला मोजू देतो का? खरवडू नका, उघडू नका, दुसऱ्याला दाखवू नका, असं जिथं सांगितलं जातं, तिथंच आधी खरवडा, उघडा आणि चार जणांना दाखवा. खरी गोष्ट मोजल्यानं लहान होत नाही.

आणि आता हे वाचून झालं असेल, तर उठा, खाली जा आणि आपल्या गाडीच्या टायरवरचे आकडे दाराच्या चौकटीवरच्या आकड्यांशी ताडून पाहा. त्यासाठी कुणाची कृपा लागत नाही. थोडं वाकावं लागतं, एवढंच.